आपल्या तोंडाने

फोन ठेवताना मिस हॅरिसन म्हणाली, "दॅट्स रिअली हेल्पफुल, थँक यू," आणि सुनेत्राला बरं वाटलं. बोलणं नीट पार पडलं होतं. इंग्रजी कुठे अडखळलं नव्हतं, मध्येच कुकरची शिट्टी झाली नव्हती, आणि मुख्य म्हणजे आपल्याच मुलीची, कादंबरीची, टिमकी तिने वाजवली नव्हती. शाळेची बाई आपण होऊन फोन करते. कादंबरी घरी कशी असते, काय वाचते, काय विचारते, आई म्हणून तुम्हाला तिच्याबद्दल काय वाटतं, असं विचारते. अशा वेळी आईने काय बोलायचं असतं ते सुनेत्राला कुणी शिकवायची गरज नव्हती. "ओ, नथिंग स्पेशल," ती हसत म्हणाली होती. "शी इज जस्ट ॲव्हरेज. बडबड फार करते. व्हेरी केअरलेस. मी मागे लागते तेव्हा कुठे पुस्तक उघडते." यातलं शेवटचं तर धडधडीत खोटं होतं. मागे लागावं लागे ते पुस्तक मिटवायला. जेवणाच्या ताटाशी, बाथरूमच्या दाराशी, चालत्या गाडीत. पण अशा बोलण्याला कुणी खोटं म्हणत नाही, रीत म्हणतात. आपण म्हणायचं, कसलं काय, धांदरट आहे नुसती. समोरचीने म्हणायचं, अहो असं काय म्हणता, केवढी हुशार आहे पोरगी! आपण पुन्हा मान हलवायची, तिने पुन्हा म्हणायचं, आणि अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की दोघी खूश होऊन आपापल्या घरी जायचं. मिस हॅरिसनने पहिल्याच फेरीत खेळ सोडला. "ओह. राइट," ती म्हणाली, जरा थांबली, आणि मग ते हेल्पफुल. सुनेत्राने फोन टेबलावर ठेवला आणि वर पाहिलं, तर समोर कादंबरी बसली होती.

समोर म्हणजे अगदी हाताच्या अंतरावर. मार्चपासून त्या दोघींचं ऑफिस आणि शाळा एकाच जेवणाच्या टेबलावर भरत होती. एका टोकाला सुनेत्राच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या मीटिंगा, दुसऱ्या टोकाला पाचवीचा वर्ग. कोरोनामुळे क्रेगीबर्नला, त्यांच्या उपनगराला, कुलूप लागलं ते बाकीच्या मेलबर्नच्या आधी, पोस्टकोड बघून. तेव्हापासून घर म्हणजे हे टेबलच झालं होतं. दोन तासांच्या मधली सुट्टी चालू असावी, कारण कादंबरीचे हेडफोन कानांवर नव्हते, गळ्यात होते. ती आईकडे बघत होती. रागाने नाही, रडवेली होऊन तर मुळीच नाही. पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर आपल्या उत्तराशी जुळलं नाही की ती जशी बघे, तसं: आपलं चुकलं की पुस्तकाचं, हे अजून ठरवायचं आहे. मग तिने हेडफोन कानांवर चढवले आणि कॅमेरा चालू केला. सुनेत्राही आपल्या स्क्रीनकडे वळली.

रात्रीची भाजी चिरताना ती आपल्या वडिलांचा विचार करत होती. रामभाऊ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते, आणि सुनेत्रा चौथीत असताना तिला स्कॉलरशिप मिळाली होती. शाळेच्या व्हरांड्यात निकालाचा कागद चिकटवला होता आणि त्यावर तिचं नाव वरून दुसरं होतं. रामभाऊ कारखान्यातून सरळ आले होते, सायकल भिंतीला टेकवून कागदापुढे उभे राहिले, आणि नावावर बोट ठेवून ते बोट सरळ रेघेत गुणांपर्यंत नेलं, मग परत नावापर्यंत आणलं. मागे तिच्या वर्गातल्या एका मुलाची आई उभी होती. ती कुणाला तरी, फारसा आवाज न लपवता म्हणाली, "यांना काय, मिळतंच." सुनेत्राला तेव्हा त्याचा अर्थ अर्धाच कळला. वडिलांची मान कशी ताठ झाली ते मात्र पूर्ण दिसलं. त्या बाईच्या मुलाचं नाव त्याच कागदावर बरंच खाली होतं आणि गुणही पुढे लिहिलेले होते. रामभाऊंनी नुसतं बोट खाली सरकवलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी बोट काढून घेतलं आणि खिशात घातलं. परत जाताना त्यांनी तिला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही, आणि म्हणाले, "सुनू, आपण बोलायचं नाही. आपण बोललो की त्यांना तोंड फुटतं. कागद बोलतो." घरी आल्यावर तिच्या आईने, कमलाबाईंनी, विचारलं, काय झालं निकालाचं, तर म्हणाले, "बरं आहे. वाढ जेवायला." भिंतीवरच्या तसबिरीत बाबासाहेब होते. आई त्यांच्याकडे बघून एकटीच हसली आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशी घरात याहून जास्त काही झालं नाही, आणि सुनेत्राला आठवतं तसं, त्याहून आनंदाचा दिवस त्या घरात दुसरा नव्हता.

आणि कागद खरंच बोलत गेला. दहावीचा बोलला, डिप्लोमाचा बोलला, इंजिनीअरिंगचा बोलला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला तर सगळे पॉइंटच होते: वयाचे इतके, शिक्षणाचे इतके, इंग्रजीचे इतके; बाई, तू हुशार आहेस का, असं तिला कुठल्याही खिडकीवर कुणी विचारलं नाही. म्हणून तर तिला हा देश आवडला होता. इथे आडनाव ऐकून कुणाच्या भुवया हलत नाहीत, कारण इथल्या लोकांना ते आडनाव उच्चारताच येत नाही. हां, शनिवारी कुणाच्या तरी घरी मराठी मंडळी जमली की पुलाव वाढता वाढता हळूच प्रश्न येई, पुण्यात कुठे म्हणालात, खडकी का, अच्छा अच्छा; तेवढं चालायचं. पण न बोलण्याची सवय हाडात गेली होती. ऑफिसात वर्षाच्या शेवटी स्वतःच्या कामाबद्दल स्वतः चार ओळी लिहायच्या असत. ती दरवर्षी लिही, नेमून दिलेलं काम केलं. तिच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा आपल्या चार ओळींचं पान करून तिचा मॅनेजर झाला होता. त्याचंही तिला वाईट वाटलं नव्हतं. कामाला काम माहीत असतं, ती म्हणे. या न बोलण्यात तिचा केवढा ताठा होता, हे फक्त तिला आणि रामभाऊंना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फिरायला परवानगी असलेल्या तेवढ्या एका तासात, तिला वासंती भेटली. वासंती दोन गल्ल्या सोडून राहायची, मूळची डोंबिवलीची, आणि तिचा वरुण कादंबरीच्याच वर्गात होता. मास्क लावूनही वासंतीचा आवाज कमी होत नसे. उलट डोळ्यांनीही बोलायचं असल्यामुळे ती जास्तच जोरात बोले. दोघी फुटपाथवर अंतर ठेवून चालू लागल्या.

"तुला आला होता ना गं हॅरिसनचा फोन?" वासंती म्हणाली. "मी तर पंधरा मिनिटं सोडलीच नाही तिला. सांगितलं सरळ, माय सन इज गिफ्टेड. दोन वर्षांचा होता तेव्हा गाड्यांचे नंबर पाठ होते त्याला. मधून मधून ती नुसती वॉव, वॉव करत होती."

"पण फोन कशासाठी होता?" सुनेत्राने विचारलं.

वासंती थांबली. "म्हणजे? तुला माहीत नाही? अगं, ईमेल आला होता टर्मच्या सुरुवातीला. सरकारी शाळांतल्या हाय एबिलिटी मुलांसाठी तो ऑनलाइन वर्ग आहे ना, दहा आठवड्यांचा, मॅथ्सचा. वेगळी टीचर, वेगवेगळ्या शाळांतली मुलं. प्रत्येक वर्गातून दोघंतिघंच घेतात. यंदा नॅपलॅनची परीक्षा झालीच नाही ना, मग निवडणार कशावरून? टीचरला जे दिसतं ते, आणि आईबाप जे सांगतात ते. शुक्रवारी नावं जाणार आहेत. तू काय सांगितलंस?"

"काही नाही. नेहमीचं," सुनेत्रा म्हणाली.

"कादंबरीचं तर होणारच," वासंती मोकळेपणाने म्हणाली. "आमचा वरुणच म्हणतो, मॉम, शी इज लाइक, नेक्स्ट लेव्हल. तरी मी आपलं याचं सांगून ठेवलं. सांगायला काय जातंय!"

सांगायला काय जातंय. घरी येताना सुनेत्राच्या कानात ते तीन शब्द वाजत राहिले. वासंतीचा तिला राग आला नाही; हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली. वासंतीला सांगायला काही जात नव्हतं, कारण तिच्या बापाला कुणी कधी व्हरांड्यात उभं करून ऐकवलं नव्हतं. तिने पोराचं कौतुक केलं की ऐकणारे फार तर हसतील. शाळेचा ईमेल सुनेत्राने वाचला होता. पण त्यात वाहतूक, मास्क, लॅपटॉपचे चार्जर, लायब्ररीची पुस्तकं असं इतकं होतं की ती मधली ओळ नजरेतून निसटली. आणि खरं म्हणजे वाचली असती तरी तिने फोनवर तेच सांगितलं असतं. तिची भिस्त कागदावर होती. परीक्षा येईल, कादंबरी बसेल, आकडा येईल, आकडा बोलेल. यंदा परीक्षाच नव्हती. साऱ्या जगाची दारं बंद होती, कागद मुका होता, आणि ज्या एका वर्षी तोंडाने सांगायची वेळ आली होती त्याच वर्षी तिने आपल्या तोंडाने मुलीला खाली बसवलं होतं.

तिचा नवरा अतुल डँडेनॉन्गहून कामावरून आला तेव्हा जेवणं व्हायची होती. तो पॅकेजिंगच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर होता. खिशात परमिट घेऊन रोज ओस पडलेलं मेलबर्न आरपार ओलांडून जायचा आणि यायचा. त्याचा स्वभाव गमतीचा होता. आंघोळ करून तो ताटावर बसला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, कादंबरी आत गेल्यावर, हळू आवाजात.

"मग फोन कर ना तिला," तो म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"काय सांगू? माझी मुलगी फार हुशार आहे, असं? तोंडाने?"

"मग कशाने सांगतेस? ढोल लावून?" तो हसला, मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "सुनेत्रा, आहे ना ती हुशार?"

"आहे."

"किती?"

तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. किती, ते तिला माहीत होतं. कादंबरी दीड वर्षाची असताना जिन्याच्या पायऱ्या चढताना एक पायरी सोडून मोजायची, तेव्हापासून माहीत होतं. हे तिने अतुललाही धड कधी सांगितलं नव्हतं. दोघं एकमेकांना सांगत, आज काय म्हणाली बघ, आणि हसत. हुशार हा शब्द मात्र घरात कुणी काढत नसे. तेवढ्यात कादंबरी पाणी प्यायला बाहेर आली. ग्लास तोंडाला लावून ती टेबलाशी उभी राहिली.

"आई, यू सेड ॲव्हरेज," ती म्हणाली. "मीन की मीडियन?"

अतुलने भाताचा घास ताटात परत ठेवला. सुनेत्रा म्हणाली, "झोप जा आता." कादंबरीने मान हलवली, जणू हे उत्तर अपेक्षितच होतं, आणि ग्लास धुऊन पालथा घालून गेली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता हेच सुनेत्राला जास्त लागलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आई चुकीचं कशाला सांगेल, असा तिचा हिशेब होता. म्हणजे आईने मोजलं असणार, प्रश्न फक्त सगळ्यांची सरासरी काढून मोजलं की ओळीतलं मधलं मूल धरून, एवढाच होता.

गुरुवारी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती आणि सुनेत्राची एकामागून एक बोलणी चालू होती. दुपारी कादंबरी तिच्याजवळ आली आणि खुणेनेच विचारू लागली, मनगटाला हात लावून. सुनेत्राने मीटिंगचा आवाज बंद केला. "आई, तुझ्या हिरव्या बांगड्या घेऊ? थ्री. सेम साइझच्या आहेत ना सगळ्या?" सुनेत्राने कपाटाकडे बोट दाखवलं आणि आवाज चालू केला. मग अर्धा तास ती एका कानाने ऑफिस ऐकत राहिली आणि डोळे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लागले. कादंबरीने आपल्या भागाचा नकाशा छापून आणला होता. आधी तो एका पानावर आला, तो तिला चालला नाही. मग चार पानं चिकटवून मोठा झाला, मग थोडा लहान. बराच वेळ सुनेत्राला कळेना की हे चाललंय काय. मग कळलं. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचा सरकारी नियम होता. बांगडी काही लहान-मोठी करता येत नाही, म्हणून बांगडीच्या मधोमधपासून कडेपर्यंत बरोबर पाच किलोमीटर येतील असा नकाशाच ती छापून घेत होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात त्या आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज चालली होती आणि ती तिने सकाळीच संपवली होती.

मीटिंग संपली तेव्हा कादंबरी तिची वाटच बघत होती. "लुक," ती म्हणाली. एक बांगडी त्यांच्या घराभोवती होती, एक तिच्या मैत्रिणीच्या, लैलाच्या, हायवेच्या पलीकडे, एक दुसरीच्या, जसलीनच्या, रेल्वेलाइनीच्या खालच्या बाजूला. "मी अँड लैला, वी कॅन मीट. इथे, धिस पार्क. लैला अँड जसलीन, इथे. मी अँड जसलीन, इथे." तिचं बोट बांगड्यांच्या मधल्या पाकळ्यांवरून फिरलं. "एव्हरी टू कॅन मीट. बट ऑल थ्री? नोव्हेअर." ती आईकडे बघत राहिली. सुनेत्रा म्हणाली, "पण तिघींनी भेटायला परवानगीच नाहीये ना?" "आय नो. बट इव्हन इफ." ती बांगड्या सरकवू लागली. "मला वाटलं, प्रत्येक दोघी भेटू शकतात, म्हणजे तिघी पण भेटू शकणार. बट इट्स नॉट ट्रू. दोघींना टेन किलोमीटर चालतात. तिघी असल्या तर टेन चालत नाहीत, कमी लागतात. सी, आता तिन्ही एकाच पॉइंटला टच होतात." तिने श्वास घेतला. "आई, एक फ्रेंड वाढली की सगळ्यांना थोडं जवळ राहावं लागतं. व्हाय?"

सुनेत्रा त्या तीन हिरव्या कड्यांकडे बघत होती. ती स्वतः इंजिनीअर होती, वर्तुळांची कितीतरी प्रमेयं तिने पाठ केली होती, सिद्ध केली होती, गुण मिळवले होते. पण असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली होती. या पोरीला प्रश्न पडत होता. आणि तो नुसता गणिताचा नव्हता, त्यात तिच्या दोन मैत्रिणी होत्या, महिनोन्महिने न भेटलेल्या. सुनेत्राच्या छातीत काहीतरी भरून आलं, वर चढलं, कानांपर्यंत गरम झालं. अभिमान होता तो, दुसरं काही नाही. इतका की खिडकी उघडून गल्लीला हाक मारावी. माझी मुलगी! रामभाऊंची नात! तिला वाटलं, आता आपण म्हणणार, केवढी गं तू हुशार. आणि तिने स्वतःच्याच तोंडून ऐकलं, "बांगड्या नीट ठेव हां परत. माझी पुढची मीटिंग आहे."

कादंबरीने बांगड्या गोळा केल्या. तिने परत विचारलं नाही. सुनेत्रा मीटिंगला बसली, आणि कुणीतरी आकडे वाचून दाखवत असताना तिला खडकीचा तो व्हरांडा दिसला, पण आता वेगळ्या बाजूने. इतकी वर्षं ती त्या आठवणीत बाबांच्या ताठ मानेकडेच बघत आली होती. आज तिला तिथे उभी असलेली नऊ वर्षांची मुलगी दिसली, नाकावर घाम, नव्या रिबिनी, बापाच्या तोंडाकडे बघणारी. ती वाट बघत होती. त्या बाईने काय म्हणावं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. बापाने एकदा म्हणावं, एवढंच होतं. उसाचा रस गोड होता, पण तो तिला नको होता. बाबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यापुढे जे जग होतं त्याला तोच एक उपाय होता, आणि तो उपाय तिला इथवर घेऊन आला होता, या टेबलापर्यंत, या खिडकीपर्यंत. पण ती बाई इथे नव्हती. मिस हॅरिसन ती बाई नव्हती. मिस हॅरिसनने साधा प्रश्न विचारला होता आणि साधं उत्तर मिळेल असं धरलं होतं. ज्या बाईपासून लपवायचं ती बाई कधीच मागे राहिली होती, आणि सुनेत्रा अजून लपवतच होती. लपवलेलं आता कुणाला दिसत नव्हतं तर ते फक्त कादंबरीला.

शुक्रवारी सकाळी तिने शाळेत फोन केला. ऑफिसातल्या बाईने निरोप घेतला, आणि मधल्या सुट्टीत मिस हॅरिसनचा फोन आला तेव्हा सुनेत्रा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. थंडी होती. तिने हातातला ओला टॉवेल खांद्यावरच टाकला.

"मी त्या दिवशी जे सांगितलं," ती इंग्रजीत म्हणाली, "ते खरं नव्हतं."

"सॉरी?"

"माझी मुलगी ॲव्हरेज नाही." आवाज कापत होता. नोकरीच्या मुलाखतीत कधी कापला नव्हता. "ती खूप हुशार आहे. व्हेरी, व्हेरी ब्राइट. मी तिच्या मागे लागत नाही. तीच माझ्या मागे लागते."

मिस हॅरिसन म्हणाली, "थँक गॉड." ती हसत होती, पण थकलेली वाटत होती. "सुनेत्रा, मला तसं वाटतच होतं. पण मार्चपासून मला ही मुलं एका चौकोनात दिसतायत. टेस्ट नाही, काही नाही. कादंबरी तर हल्ली हातही वर करत नाही. मग मी आयांचं ऐकते. तुम्ही ॲव्हरेज म्हणालात, मला वाटलं तुम्हालाच तिच्यावर भार नको असेल." मग तिने विचारलं, "तसं का सांगितलंत, विचारू?"

आमच्या संस्कृतीत, असं सुनेत्रा म्हणणार होती. इथे आल्यापासून ते वाक्य तिने इतक्यांदा वापरलं होतं की त्याचा तिला वीट आला होता. "मॅनर्स," ती म्हणाली. "आय थॉट इट वॉज मॅनर्स."

"माझी आजीही तशीच होती," मिस हॅरिसन म्हणाली. "ओके. कुणी सांगितलं नसताना ती करते, असं काहीतरी सांगा मला. एक गोष्ट."

एक! सुनेत्राने बांगड्यांचं सांगितलं. आधी अडखळत, मग भराभर. बांगडीसाठी नकाशा कसा बदलला, मधल्या पाकळ्या, दोघी-दोघी भेटतात पण तिघी नाही, एक मैत्रीण वाढली की सगळ्यांनी जवळ यायचं. सांगता सांगता ती कपड्यांच्या फिरत्या दांड्यांखालून इकडून तिकडे चालत होती, हात हवेत गोल काढत होते, खांद्यावरचा टॉवेल कधी पडला ते तिला कळलं नाही. मग जिन्याच्या पायऱ्यांचं सांगितलं. वाण्याच्या दुकानात बिलातली चूक धरली त्याचं सांगितलं. आजोबांना तिने व्हिडिओ कॉलवर भारतात आत्ता किती वाजले ते न सांगता सूर्य कुठे असेल ते सांगितलं, त्याचं सांगितलं. मिस हॅरिसन वॉव वगैरे काही म्हणाली नाही. लिहून घेत असावी. सुनेत्राला वाटलं, हे आपल्याजवळ केवढं साठलं होतं. वासंतीची पंधरा मिनिटं कधीच मागे पडली होती.

"मी आज दुपारी नाव पाठवते," शेवटी मिस हॅरिसन म्हणाली. "फक्त तिला स्वतःला हवंय का, ते मला तिच्याकडून ऐकायचंय. दहा आठवडे जास्तीचं काम आहे. आहे का ती जवळ?"

कादंबरी मागच्या दारातच उभी होती, मोज्यांवर, थंडीत. किती वेळ उभी होती कोण जाणे. सुनेत्राने फोन स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला.

"हाय कादंबरी," फोनमधून आवाज आला. "तुझी आई मला तुझ्या बांगड्यांच्या मॅथ्सबद्दल सांगत होती. दॅट्स सम सीरियस थिंकिंग, मेट. तुझं काय म्हणणं आहे?"

कादंबरीने आईकडे पाहिलं. मग ती हसली, एक छोटंसं, कुणाला न दुखावणारं हसू, आणि म्हणाली, "ओ, इट्स नथिंग. आय वॉज जस्ट प्लेइंग. एनीवन कॅन डू दॅट."

ते हसू सुनेत्राने ओळखलं. ते तिचं स्वतःचं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी समजावलं नव्हतं. खडकीच्या व्हरांड्यातून निघून, समुद्र ओलांडून, ते या पोरीच्या तोंडावर येऊन बसलं होतं, जिला तो व्हरांडा माहीत नव्हता, ती बाई माहीत नव्हती, ज्यासाठी हे हसू कमावलं ते काहीच माहीत नव्हतं. सुनेत्राला भीती वाटली, आणि लगेच संताप आला.

"खोटं बोलू नकोस," ती मराठीत म्हणाली, मोठ्याने, फोन चालू आहे हे माहीत असून. "तू हुशार आहेस. खूप हुशार आहेस. मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. सांग त्यांना."

कादंबरी तिच्याकडे बघत राहिली. "तू ॲव्हरेज म्हणालीस."

"मी चुकीचं सांगितलं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. लाजून. आता तसं सांगणार नाही."

कादंबरीने खाली पडलेल्या टॉवेलकडे पाहिलं, मग आईच्या डोळ्यांकडे, नीट, पुन्हा एकदा, पडताळा घ्यावा तसं. मग तिने फोन तोंडाजवळ आणला.

"ॲक्च्युअली," ती म्हणाली, "नॉट एनीवन. आय डोन्ट थिंक एनीवन कॅन."

"नो," मिस हॅरिसन म्हणाली. "आय डोन्ट थिंक सो आयदर."

"अँड आय वॉन्ट टू डू इट. अँड आय हॅव अ क्वेश्चन. फोर फ्रेंड्स असतील तर? कारण आय थिंक, प्रत्येक तिघी भेटू शकत असतील ना, तर चौघीही भेटू शकतात. आय कान्ट प्रूव्ह इट. बट आय थिंक." आणि ती सांगू लागली, तशीच मोज्यांवर, ओल्या गवतातून फिरत, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने हवेत गोल काढत. आवाज चढत गेला. पलीकडच्या कुंपणामागे शेजाऱ्यांची खिडकी उघडी होती, आणि त्यापुढच्या घरांनाही सगळं ऐकू जात असणार. सुनेत्राने तिला हळू बोल म्हटलं नाही.